मेंदूतील नोकार्डिया संसर्ग : दीर्घ उपचारांबाबत मदत हवी आहे

नागपूरला राहणाऱ्या माझ्या काकांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले असून, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतानाच त्यांच्या मेंदूत गळू आढळले. आधी संशय क्षयरोगावर गेला (आपल्याकडे तो जाणारच), परंतु पू तपासल्यावर मातीत राहणारा आणि बहुधा श्वासावाटे फुप्फुसांत शिरणारा नोकार्डिया हा जीवाणू निघाला. को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक सुमारे वर्षभर घ्यावे लागेल असे डॉक्टर सांगतात. मात्र त्याने रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) वाढू शकते, आणि काकांचे पोटॅशियम आताच ५.६, म्हणजे जास्त, असल्याने घरातली पोटॅशियमयुक्त संत्री शेजाऱ्यांकडे गेली आहेत. अशा रुग्णाची शुश्रूषा केलेल्यांनी, औषध बदलावे लागले का, रक्ततपासणी किती दिवसांनी होत असे आणि नागपुरात संसर्गरोगतज्ज्ञ व मूत्रपिंडतज्ज्ञांचा एकत्रित सल्ला कुठे मिळतो, हे कृपया कळवावे.