चंदीगढ अर्ध्या दिवसात उरकतं?

काँक्रीटप्रेमी: ‘चंदीगढला अर्धा दिवस पुरे. रॉक गार्डन, सुखना तलाव, सेक्टर १७ चा बाजार बघितला, की धरा जवळच्या थंड हवेच्या कसौलीची वाट’ ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, म्हणजे विधानसभा, उच्च न्यायालय, सचिवालय यांच्या काँक्रीटच्या इमारतींचा परिसर, कुठंय यात? २०१६ पासून जागतिक वारसा आहे तो! सेक्टर १ च्या पर्यटन केंद्रावर मूळ ओळखपत्र दाखवून नाव नोंदवायचं, मार्गदर्शकासोबतच आत सोडतात. ओळखपत्र विसरलात तर दारातूनच परत.

घाटवाट: पोस्ट माझीच. मे महिन्यात सावलीविना काँक्रीट बघत का फिरायचं? शहर चौकोनी सेक्टरांत विभागलेलं, एकेक सेक्टर ८०० बाय १२०० मीटरचा. नकाशावर ‘दोन सेक्टर पलीकडे’ म्हणजे सहज दोन किलोमीटर. पायी फिरणाऱ्याचं शहरच नाही हे.

काँक्रीटप्रेमी: बाहेरच्या रस्त्यानं चालाल तर तसंच वाटणार! ते गाड्यांसाठीच आखलेत, घरांची दारंही तिकडे उघडत नाहीत. दुकानं सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर. सेक्टर १६ ची गुलाबबाग बघा आणि भुयारी मार्गानं १७ गाठा.

गाळमाती: आणि सुखना काय फोटोपुरता? १९५८ साली चोवर, म्हणजे पावसाळी ओढ्यावर, धरण घालून केलेला तलाव आहे तो. शिवालिकची माती भुसभुशीत, दर पावसाला गाळ. पाणलोटात झाडं लावली, बंधारे घातले. गाळ कमी झाला, पण पाणीही वरच अडलं. पाऊस कमी पडला की तलाव आटतो.

घाटवाट: म्हणजे बंधारे घालणारे मूर्ख?

गाळमाती: माझ्या तोंडी भलतं घालू नका! बंधारे नसते तर तलाव केव्हाच बुजला असता. म्हणणं एवढंच की गाळ उपसणं थांबवून चालत नाही. गाळानं तळ वर आला की साठा घटतो, मग एका मोठ्या पावसातच पाणी समुद्रसपाटीपासून ११६३ फुटांच्या धोक्याच्या पातळीला टेकतं. दरवाजे उघडले की फटका खालच्या वस्त्यांना, जुलै २०२३ मध्ये दरवाजे उघडावेच लागले. हे सोडून सगळे बदकांच्या होड्यांचं बोलतात!

काँक्रीटप्रेमी: धागा शहर बघण्याचा आहे, जलसंपदेचा नाही.

गाळमाती: धरणाच्या माथ्यावर गाड्या नकोत, तलावात मोटरबोट नको, हा आग्रह शहराची आखणी करणाऱ्या वास्तुकार ल कॉर्बुझिएचाच. तलाव वगळून कुठलं शहर दाखवताय? हिवाळ्यात पहाटे रेग्युलेटरच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दरवाजांच्या, टोकापर्यंत चाला, पाहुणे पक्षी तिकडेच. मागच्या अभयारण्यात जायला वन खात्याचा परवाना लागतो, तो आदल्या दिवशीच काढा.

घाटवाट: बरं, हिवाळ्यात पूर्ण दिवस द्या. मे महिन्याबद्दल माझं मत तेच. आणि कसौलीची बस सेक्टर ४३ च्या स्टँडवरून सुटते, १७ च्या नाही. हे तरी कुणी सांगत नाही.