साखरपुडा झाला, लग्न व्हायचंय. एकत्र राहणं पापच का?

पापडीची पोर: माझ्या मैत्रिणीचं लग्न मे महिन्यात आहे. दोघांची नोकरी पुण्यात, भाडं परवडेना म्हणून एकाच खोलीत राहतात. गावात कळलं आणि चर्चमध्ये मिस्सा (रविवारची प्रार्थना) झाल्यावर बायका तिच्या आईशी बोलेनाशा झाल्या. मुलाच्या आईला कुणी एका शब्दाने विचारलं नाही! बायबलमध्ये योहान ८ मध्ये व्यभिचारात पकडलेल्या बाईला धोंडमार करायला धरून आणली, तेव्हा तो पुरुष कुठे होता? जुन्या करारातलं लेवीय २०:१० तर व्यभिचारासाठी दोघांनाही शिक्षा सांगतं. मग आपण आज्ञा पाळतोय की नुसता मुलींवर पहारा ठेवतोय?

वेंगुर्लेकर: आईशी अबोला धरणं चूकच, बाय. पण त्याच प्रसंगात प्रभू तिला शेवटी सांगतो, यापुढे पाप करू नको. ते कसं गाळायचं? प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे म्हणून बजावलंय.

पापडीची पोर: त्या सहाव्या अध्यायात पौल वेश्येकडे जाणाऱ्यांना फटकारतोय. वचन देऊन बसलेली दोघं आणि ते एकच का?

नंदाखालकर: इतिहासाचं एक सांगतो. १५६३ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने लग्नाला धर्मगुरू आणि साक्षीदार सक्तीचे केले. वसई तेव्हा पोर्तुगिजांकडे होती, म्हणून तो नियम आपल्याकडेही आला. त्या नियमाआधी लग्नाचं वचन देऊन दोघं एकत्र आली, तर ख्रिस्तसभेचा (चर्चचा) कायदा त्यांना नवरा-बायको धरायचा. म्हणजे ही रेघ कायम इथेच नव्हती.

वेंगुर्लेकर: आणि ती सक्ती का आली? पुरुष गुपचूप वचन द्यायचे, मग दुसरीशी उघड लग्न लावून मोकळे! पहिलीकडे पुरावा काय? माझ्या मावसबहिणीचं तेच झालं. साखरपुड्यानंतर दोन वर्षं मुंबईत एकत्र राहिली, मग त्याने नाही म्हटलं. आज तिला स्थळ येत नाही. साक्षीदारांसमोरचा शब्द मोडणं जड जातं, म्हणून ख्रिस्तसभा थांबा म्हणते. मला हा जाच वाटत नाही, आधार वाटतो.

नंदाखालकर: हे पटलं. मी फक्त जोडप्याच्या मनातल्या हेतूचाच विचार करत होतो.

पापडीची पोर: मला अर्धंच पटलं. तुमच्या बहिणीला सोडणाऱ्याचं पुढे लग्न झालं का? चर्चमध्ये?

वेंगुर्लेकर: झालं. पुढच्याच वर्षी. आमच्यातले निम्मे लोक जेवायलाही गेले होते.

पापडीची पोर: मग तिला स्थळ कोण नाकारतंय, दादा? ख्रिस्तसभेची शिकवण, की जेवायला गेलेली तीच माणसं?