सेऊलला २०२७ मध्ये कॅथलिक युवा मेळावा: जिथे आधी झाला, तिथल्या लोकांनी तो कसा घेतला?

हान_काठचा

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त सेऊलला असतो. २०२७ च्या ऑगस्टमध्ये, ३ ते ८ तारखेला, इथे कॅथलिक चर्चचा 'जागतिक युवा दिन' आहे. नावात दिन असला तरी मामला आठवड्याभराचा. जगभरातून पोरं येतात आणि शेवटच्या दिवशी पोप उघड्या मैदानावर मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना, करतात. २०२३ मध्ये लिस्बनला पोप फ्रान्सिस यांनी सेऊलचं नाव जाहीर केलं तेव्हा आमच्या ऑफिसात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आता मात्र जेवणाच्या सुट्टीत हाच विषय निघतो आणि चॉपस्टिक्स हवेत राहतात.

थोडी पार्श्वभूमी. २०१५ च्या जनगणनेत इथल्या ५६ टक्के लोकांनी 'कुठलाच धर्म नाही' असं लिहिलंय, कॅथलिक ८ टक्केही नाहीत. संविधानाच्या २० व्या कलमात राज्य आणि धर्म वेगळे म्हटलेत. अशात या मेळाव्याला सरकारी मदत देण्यासाठी खास कायदा करायचा घाट घातला गेला आणि बौद्धांच्या जोग्ये संघाने त्याला हरकत घेतली. माझ्या शेजारी बसणारा त्याच बाजूचा. म्हणतो, उद्या आमच्या उत्सवालाही असाच कायदा करणार का? समोर बसणारे आमचे वयस्कर सहकारी चिडतात. १९८७ च्या लोकशाही आंदोलनात ज्या चर्चने म्योंगदोंग कॅथेड्रलमध्ये मुलांना आसरा दिला, त्याच्याकडे हिशेब मागता, असा त्यांचा सूर. तिसऱ्याला धर्माशी घेणंदेणं नाही, त्याला २०२३ च्या सेमांगमच्या स्काउट जांबोरीची, म्हणजे स्काउटांच्या जागतिक मेळाव्याची, धास्ती आहे. तिथे उन्हाने पोरं आडवी झाली, वर चक्रीवादळ आलं आणि हजारो मुलांना बसमध्ये घालून देशभर हलवावं लागलं. महिना तोच, ऑगस्ट.

ज्यांनी असा मेळावा आपल्या शहरात पाहिलाय त्यांनी सांगा. लोक खरंच चिडतात का, आणि चिडले तर नेमके कशावर?

---

अँझॅक_परेड

सिडनी, जुलै २००८. मी तेव्हा तिथे विद्यार्थी होतो. विद्यापीठासमोरच रँडविकचा रेसकोर्स, आणि शेवटची मिस्सा तिथेच. त्याच रस्त्यावरच्या एका छोट्या दुकानात मी संध्याकाळी गल्ल्यावर बसायचो. त्यामुळे बातम्यांपेक्षा गिऱ्हाइकांची बडबड जास्त कानावर पडली. सविस्तर लिहितो, तुमच्या ऑफिसातल्या तिघांनाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे, सुरुवातीला कुणी चिडलेलं नव्हतं. ऑस्ट्रेलियन माणूस धर्माबद्दल चिडत नाही, तो खांदे उडवतो. २००६ च्या जनगणनेत पाव जनता कॅथलिक होती, पण रविवारी चर्चला जाणारी फारच थोडी. पोप येणार यापेक्षा 'बस कुठून वळवणार' हीच चर्चा मोठी. पहिले कुरकुरले ते घोडेवाले. आमच्याकडे सिगारेट घ्यायला तबेल्यात काम करणारे एक आजोबा यायचे. आदल्याच वर्षी घोड्यांच्या फ्लूने रेसिंगचा धंदा महिनोन्महिने बसला होता, तो कुठे सावरतोय तोवर हा प्रकार. 'घोडा देवाला मानत नाही, त्याला रोज सकाळी पळायचं असतं,' असं ते म्हणाले होते. त्या धंद्याला सरकारने जवळजवळ चार कोटी डॉलरची भरपाई कबूल केली. मग बाकीचे चिडले, की घोड्यांचा मुक्काम हलवायला आमचा पैसा का! तरीही हे सगळं चहाच्या पेल्यातलं वादळ होतं.

खरी ठिणगी पडली मेळाव्याच्या तोंडावर. न्यू साउथ वेल्स राज्याने नियम काढला: यात्रेकरूंना वैताग येईल किंवा त्यांची गैरसोय होईल असं कुणी वागत असेल तर पोलीस किंवा नेमलेले अधिकारी त्याला थांबायला सांगू शकतात. ऐकलं नाही तर साडेपाच हजार डॉलरपर्यंत दंड. आता वैताग म्हणजे काय, तो कुणाला आला म्हणजे आला, हे कोण ठरवणार? टीशर्टवर काही खवचट छापलं तर? कंडोम वाटले तर? मेळाव्याला विरोध करणाऱ्या गटाचा नेमका तोच बेत होता.

त्याआधी हा गट किती मोठा होता विचाराल तर विद्यापीठाच्या आवारात एक टेबल, दोन फलक आणि पत्रकं वाटणारी चार पोरं. त्यांच्याकडे बघून लोक पुढे जायचे. नियम आला आणि तीच पोरं राष्ट्रीय बातम्यांत झळकली. जन्मात मोर्चाला न गेलेली माणसं आमच्या दुकानात येऊन 'मला वैताग द्यायचाय, कुठे जायचं?' असं विचारायला लागली. वैताग देण्याचे टीशर्ट निघाले. विरोधकांना जे काम पत्रकं वाटून जमलं नसतं ते सरकारने एका नियमात करून दिलं. माझ्या मते सिडनीच्या प्रतिक्रियेचं मर्म इथेच आहे. रोष यात्रेकरूंवर नव्हता, पोपवरही फारसा नव्हता. आमच्याच रस्त्यावर आम्ही कसं वागायचं ते पाहुण्यांच्या मर्जीवर ठरणार, याच्यावर होता.

विरोधी गटातल्या दोघीजणी कोर्टात गेल्या. फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठाने १५ जुलैला, म्हणजे मेळाव्याच्या पहिल्याच दिवशी, 'वैताग' हा भाग रद्द ठरवला. 'गैरसोयी'चा भाग ठेवला. तुमच्या बौद्ध सहकाऱ्याला एक गंमत सांगा. हा निकाल धर्म आणि राज्य वेगळे या मुद्द्यावर लागलाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या संविधानातलं ११६ वं कलम केंद्राला धर्माबाबत कायदे करण्यापासून अडवतं, राज्यांना नाही. कोर्ट म्हणालं ते एवढंच, की मूळ कायद्याने सरकारला नियम करायचा जो अधिकार दिला, त्यात माणसाच्या बोलण्यावर इतकी मोठी टाच आणायची मुभा दिसत नाही. म्हणजे खटला देवाधर्माचा नव्हताच, सरकारने आपल्या अधिकाराबाहेर हात घातला याचा होता. सेऊलमध्येही भांडायचं असेल तर आधी विधेयकाचं कलम न् कलम वाचा. संविधानातलं भारदस्त वाक्य ऐनवेळी कामाला येईलच असं नाही.

आता यात्रेकरू. आली की हो ती पोरं! ट्रेनमध्ये गिटार, स्टेशनवर झेंडे, इटालियनांचं ते 'बे-ने-देत्तो' (तेव्हाचे पोप बेनेडिक्ट यांचं इटालियन नाव) टाळ्यांच्या ठेक्यावर. थंडीचे दिवस, ऑफिसातून सुटलेली माणसं कॉलर वर करून उभी, आणि शेजारी ब्राझीलचा घोळका नाचतोय. पहिल्या दिवशी लोकांनी डोळे फिरवले. तिसऱ्या दिवशी तीच माणसं त्यांना रस्ता दाखवत होती. आमच्या मालकाने मात्र हात कपाळाला लावला. गर्दी म्हणजे धंदा म्हणून त्याने पाव, दूध, चॉकलेटचे खोकेच्या खोके भरून ठेवले. पोरांना जेवणाची पाकिटं आयोजकांकडूनच मिळत होती. ती दुकानात यायची ती गरम पाण्यासाठी आणि बाथरूम कुठे ते विचारायला! नेहमीचं गिऱ्हाईक रस्ते बंद म्हणून घरी. शेवटी मोज्यांचे जोड तेवढे संपले, कारण रात्री रेसकोर्सवर उघड्यावर झोपायचं होतं. २० तारखेच्या मिस्सेला चार लाखांच्या आसपास माणसं होती असं म्हणतात. मी काउंटरमागून फक्त पाठपिशव्यांची रांग पाहिली, ती काही केल्या संपेना.

एक गोष्ट राहिली आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पाद्र्यांनी केलेल्या बाललैंगिक अत्याचारांचा विषय त्या आठवड्यात सतत वर येत होता. १९ जुलैला सेंट मेरीज कॅथेड्रलमध्ये पोप बेनेडिक्ट यांनी त्याबद्दल माफी मागितली आणि निघण्याआधी चार पीडितांना भेटले. पण माफीच्या वेळी समोर बहुतेक बिशप आणि धर्मशिक्षण घेणारे होते, पीडित नव्हते. घोडे, बसमार्ग, वैताग यावर लोक विनोद करत. यावर कुणी केला नाही. विरोध करणाऱ्यांतला सर्वांत ठाम आवाजही मला तोच वाटला, आणि त्यातले पुष्कळजण स्वतः कॅथलिक घरातले.

---

वसईची_पोर

मी त्या रांगेत होते! आमचा गट भारतातून गेला होता. वरचा प्रतिसाद वाचून हसले, कारण गरम पाणी मागणाऱ्यांत आम्हीही असणार.

आमची बाजूही नोंदवते. तो नियम आम्हाला वैताग येऊ नये म्हणून काढला होता, हे आम्हाला सिडनीत पोचल्यावर कळलं. ज्या बाईंकडे आम्हा दोघींची सोय होती त्यांनी सांगितलं. त्या चर्चला जाणाऱ्या नव्हत्या. पोरी थंडीत शाळेच्या फरशीवर झोपणार म्हणून त्यांनी खोली दिलेली. सकाळी पेपर टेबलावर ठेवत म्हणाल्या, 'मी तुम्हाला वैताग दिला तर पोलिसात जाणार का?' इतकी शरम वाटली म्हणून सांगू. आमच्या नावाने, आम्हाला न विचारता, त्यांच्या शहरावर दंडुका.

हार्बर ब्रिजवरून चालत रँडविकला निघालो तेव्हा पुढे निदर्शक उभे होते. ओरडत होते, आमचा गट गात होता. एका मुलाने माझ्या हातात पत्रक आणि कंडोमचं पाकीट ठेवलं, मी सवयीने 'थँक यू' म्हटलं, तोही 'यू आर वेलकम' म्हणाला. आमच्या सिस्टरने पत्रक मागून घेऊन चालता चालता पूर्ण वाचलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं. पाकिटाचं मी काय केलं ते विचारू नका, ते सुटकेसच्या कप्प्यातून घरी आलं आणि आईच्या हाती लागलं.

बाकी अत्याचारांबद्दल वर जे लिहिलंय त्याला पूर्ण अनुमोदन. आमच्या गटात त्यावर अवाक्षर निघालं नव्हतं, आणि तेच मला आज जास्त खटकतं.

---

माद्रिदकर_मावशी

सिडनी फारच सभ्य म्हणायची. आमच्याकडे ऑगस्ट २०११ मध्ये चांगलीच जुंपली होती.

मूळ कारण पैसा. तरुणांतली बेकारी ४० टक्क्यांच्या वर, सरकारी खर्चाला कात्री, आणि मे महिन्यापासून पुएर्ता देल सोल चौकात तरुणांचं आंदोलन. त्यात त्याच ऑगस्टमध्ये मेट्रोचं तिकीट एक युरोवरून दीड युरो केलं आणि यात्रेकरूंना मात्र प्रवासात ८० टक्के सवलत. घरकामाला रोज दोन मेट्रो बदलून जाणारी माझी शेजारीण, गळ्यात क्रॉस, पक्की श्रद्धाळू. तिनेच मला ते दोन आकडे हाताच्या बोटांवर मोजून दाखवले होते. आयोजक म्हणत, खर्च यात्रेकरूंच्या नोंदणीतून आणि देणग्यांतून भागतोय. विरोधक म्हणत, देणग्या देणाऱ्या कंपन्यांना करात सूट मिळते, म्हणजे फिरून आमचाच पैसा. मोर्चाची घोषणाच होती, 'माझ्या करातून पोपला शून्य'. माद्रिदच्या गरीब वस्त्यांत काम करणाऱ्या शंभरावर पाद्र्यांनीही या थाटामाटावर टीका केली होती. म्हणजे 'धार्मिक विरुद्ध निधर्मी' अशी सरळ रेघ तिथेही नव्हती.

१७ ऑगस्टला मोर्चा सोल चौकात आला तेव्हा तिथे यात्रेकरूही होते. एकीकडे शिव्या, दुसरीकडे काही पोरं गुडघे टेकून जपमाळ घेऊन बसलेली. मग पोलिसांच्या लाठ्या. मी दुसऱ्या टोकाच्या गल्लीतून घरी पळाले, शूरपणा अंगात नाही.

आणि हान_काठचा, तुमच्या हवामानवाल्या मित्राला सांगा, त्याची भीती रास्त आहे. कुआत्रो व्हिएंतोसच्या विमानतळावर दिवसभर उन्हाने पोरं चक्कर येऊन पडत होती, पाण्याचे फवारे मारावे लागले. रात्री पोपचं भाषण चालू असताना वादळ आलं, त्यांची पांढरी टोपी उडाली आणि भाषण अर्ध्यात राहिलं.

---

हान_काठचा

तिघांचेही आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज जेवताना मेट्रोच्या तिकिटाची गोष्ट सांगितली. बौद्ध मित्र आणि वयस्कर सहकारी दोघंही एकाच वेळी 'बरोबर आहे' म्हणाले आणि मग एकमेकांकडे बघून गप्प झाले. :)

अँझॅक_परेड, एक विचारायचं राहिलं. त्या आठवड्यात शहरात थांबावं की बाहेर पडावं? माझं घर नदीकाठी, मोठ्या पटांगणाजवळ आहे.

---

अँझॅक_परेड

लहान मूल किंवा आजारी माणूस घरात नसेल तर थांबा. रस्ते बंदची यादी आधी मिळवा, घरातलं सामान शनिवारच्या आत भरा, आणि ऑफिसला 'घरून काम' आत्ताच मागून ठेवा. आणि खोली रिकामी असेल तर दोन पोरांना द्या, वर वसईच्या ताईंनी लिहिलंय तशी. दुकान मात्र काढू नका.

---

हान_काठचा

दुकानाचा बेत रद्द. घरून काम मागायला गेलो होतो, पण ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे इथे तशीही उन्हाळी सुट्ट्यांची झुंबड. आणि 'मला देवाधर्माशी घेणंदेणं नाही' म्हणणाऱ्या त्या जांबोरीवाल्याने ३ ते ८ ची रजा माझ्या आधीच टाकून ठेवली आहे. विचारलं तर म्हणाला, मुलगी स्वयंसेवक म्हणून नाव देणार आहे, तिला रोज पाणी नेऊन द्यायला कुणीतरी हवं ना.