पगारावर खर्च करणारी संस्था म्हणजे दुकान?

वसतिगृहवाली
परवा इथे एक पोस्ट पडली. मथितार्थ असा: दान देण्याआधी ताळेबंद बघा, पगार आणि कार्यालयीन खर्च १० टक्क्यांच्या वर असेल तर एक रुपयाही देऊ नका, ती संस्था नाही, दुकान आहे. खाली नुसता 'अगदी खरं', 'डोळे उघडले'चा पाऊस. म्हटलं जाऊ दे. पण आज एका देणगीदाराने तीच पोस्ट मला पाठवून खाली "???" एवढंच लिहिलं, मग राहवेना.

मी एका मुलींच्या वसतिगृहाची सचिव आहे. बिनपगारी, हे आधीच सांगते. आमचा निम्म्याहून जास्त खर्च पगारांवर होतो आणि तो व्हायलाच हवा. रात्री दोन वाजता पोरगी तापाने फणफणली तर तिला दवाखान्यात कोण नेणार, ताळेबंद? अधीक्षिका आहेत, स्वयंपाकाच्या मावशी आहेत, रात्रीच्या राखणीला एक बाई आहेत. तेच तर आमचं काम! लोक तांदळाचं पोतं देतात, वह्या देतात, वाढदिवसाला श्रीखंड-पुरी देतात. श्रावणात एकाच आठवड्यात तीन-तीन गोडाची जेवणं आणि महिनाअखेरीला वीजबिल थकलेलं. पंखा द्यायला माणसं रांगेत, कारण पात्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' रंगवता येतं. तो पंखा फिरवायचं बिल कुणाच्या स्मरणार्थ भरायचं?

आणि ज्यांचा पगारखर्च शून्य दिसतो ना, त्यांतल्या काहींची युक्ती सांगते. अधीक्षकाचा पगार 'विद्यार्थी कल्याण' या खात्यात टाकायचा. आले १० टक्क्यांच्या आत.

रोखठोक
पोस्ट माझीच. ताई, तुम्ही प्रामाणिक असाल, नाही म्हणत नाही. पण मी आईच्या नावाने एका वृद्धाश्रमाला बऱ्यापैकी रक्कम दिली होती. वर्षभराने गेलो तर आजीआजोबांच्या खोलीत तीच पोपडे आलेली भिंत आणि दारात अध्यक्षांची नवी कोरी गाडी. विचारलं तर 'संस्थेच्या कामासाठी घेतलीय'. संस्थेच्या कामासाठी सनरूफ लागतं? तेव्हापासून मी टक्केवारी बघतो. परदेशी देणगीवर केंद्र सरकारनेच २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. सरकारला काहीतरी दिसलं असेलच की!

आकडेमोड काका
रोखठोकसाहेब, अर्धा नियम सांगू नका. त्याच एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, नियमांत शाळेतल्या शिक्षकांचा, दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, कारण तो थेट उद्दिष्टावरचा खर्च. आणि गाडीच म्हणाल तर ती 'पगारा'त येतच नाही, ती मालमत्तेत दिसते. म्हणजे तुमच्या १० टक्क्यांच्या चाळणीतून तो अध्यक्ष सनरूफसकट आरामात पार. उलट या ताई अडकतात. छान चाळणी आहे.

रोखठोक
सीएंनी संस्थांची बाजू घेतली नाही तरच नवल.

गावचं वाचनालय
टक्केवारी सोडा हो, तो शहरी चोचला आहे. खरा रोग घराणेशाही. आमच्या तालुक्यातलं वाचनालय पणजोबांच्या पिढीने वर्गणी काढून उभारलं. आज शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा काढला तर त्यावर सात विश्वस्त, त्यातले चार स्वर्गवासी. बाकीच्यांत अध्यक्ष, त्यांचे मेहुणे आणि ऐंशी पार केलेले एक आबा. विश्वस्त बदलले की तसा चेंज रिपोर्ट बदलानंतर ९० दिवसांत तिथे दाखल करायचा असतो. इथे कित्येक वर्षं केलाच नाही, कारण केला तर नवीन माणसं कागदावर येतील ना! आता नवीन कार्यकारिणी निवडून आली तर बँक म्हणते, उताऱ्यावर तुमची नावं नाहीत, सह्या बदलता येणार नाहीत. वर्तमानपत्रांचं बिल द्यायचं तरी आबांना खुर्चीसकट रिक्षात घालून बँकेत न्यायचं. आबांची सही थरथरते, म्हणून चेक परत. पुन्हा आबा, पुन्हा रिक्षा.

घाटमाथा
वाचनालयवाले, मग अर्ज का करत नाही? धर्मादाय कार्यालय आहे कशाला? विश्वस्ताने गैरकारभार केला तर कायद्याच्या कलम ४१ड खाली काढून टाकता येतं.

गावचं वाचनालय
केलाय. विलंबमाफीचा अर्ज, त्याच्यावर अध्यक्षांची हरकत, मग तारीख. वकील गैरहजर, तारीख. साहेबांची बदली, तारीख. घाटमाथा, कायदा वाचून सल्ला देणं आणि तारखेला जिल्ह्याच्या गावी एसटीने जाणं यात फरक आहे.

संस्थापुत्र
माझं टोपणनाव बघून अंदाज आला असेल. 'घराणेशाही' म्हणून सगळ्यांना झोडपू नका. वडिलांनी दोन खोल्यांत मूकबधिर मुलांची शाळा काढली, आईचे दागिने मोडले. तेव्हा एकही गावकरी फिरकला नाही. आज इमारत झाली, अनुदान आलं, तर सगळ्यांना 'लोकशाही' आठवते. मी सोडली तर उद्या गावातला पुढारी त्या जागेवर गाळे काढेल.

गावचं वाचनालय
म्हणजे तुमच्यापेक्षा प्रामाणिक माणूस पंचक्रोशीत जन्मलाच नाही? सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणून १९५० च्या कायद्याखाली नोंदणी केलीत, तेव्हाच ती तुमची उरली नाही. दागिने मोडले त्याला नमस्कार. पण दागिन्यांचा सातबारा होत नाही.

संस्थापुत्र
भाषा सांभाळा. आई हयात आहे माझी.

बे एरियातला
इकडे अमेरिकेत बहुतेक मोठ्या सेवाभावी संस्थांचा फॉर्म ९९०, म्हणजे वार्षिक विवरणपत्र, कुणीही घरबसल्या वाचू शकतो, त्यात वरच्या लोकांचे पगारही दिसतात. आपल्याकडे असं का नाही?

घाटमाथा
आले! डॉलरमध्ये पारदर्शकता.

आकडेमोड काका
हसू नका, मुद्दा बरोबर आहे. आपली हिशेबपत्रकं धर्मादाय कार्यालयात जातात आणि फायलीत झोपतात. पण संस्थापुत्र, तुमची गाळ्यांची भीती मी पुरती फेटाळणार नाही. त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे स्थावर मिळकत विकायला आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, पण ती मिळाली म्हणजे गंगेत न्हालो असं नाही. पुण्यात मॉडेल कॉलनीतल्या जैन बोर्डिंगच्या जागेचं २०२५ मध्ये काय झालं बघितलंत ना? विक्रीला परवानगी मिळाली, समाज रस्त्यावर आला, मग परवानगी रद्द झाली. विश्वस्त जागे नसतील तर भाडेकरू, माजी विद्यार्थी, वाचक यांनी जागं राहावं लागतं. घरातलेच पाच जण विश्वस्त असतील तर ठरावाला 'नाही' कोण म्हणणार? माझ्याकडे इतिवृत्ताच्या वह्या येतात. वर्षभराच्या सभा एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या. पावसाळ्यातल्या सभेला आणि उन्हाळ्यातल्या सभेला तेच सूचक, तेच अनुमोदक, आणि दरवेळी 'खेळीमेळीच्या वातावरणात'.

सिस्टर
तुम्ही वाचनालयावर भांडताय. धर्मादाय रुग्णालयांचं काय? १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के सवलतीत, उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली. मी जिथे नोकरी केली तिथे विचारायला आलेल्या माणसाला काउंटरवरून 'आज खाट शिल्लक नाही' एवढंच उत्तर असायचं. वर खोल्या रिकाम्या.

घाटमाथा
सिस्टर, हा वेगळा धागा काढा, इथे आधीच तीन भांडणं चालू आहेत.

संस्थापुत्र
काका, इतिवृत्ताचं झोंबलं, कारण आमचे लिपिकही तसंच करतात. बाहेरचे दोन विश्वस्त घ्यायला माझी ना नाही. पण वाचनालयवाल्यांसारखे नकोत.

गावचं वाचनालय
मला वेळही नाही. आबांना बँकेत न्यायचंय.

रोखठोक
बरं. १० टक्के मागे घेतले, खूश? आता ताई, तुमच्या वसतिगृहाचा शेड्यूल वनचा उतारा आणि तीन वर्षांची हिशेबपत्रकं दाखवा. नीट असतील तर वीजबिल मी भरतो. सहा महिन्यांचं. पात्यावर नाव नको. पण आयकर सवलतीसाठी ८०जी ची पावती हवी.

वसतिगृहवाली
संध्याकाळी टाकते. एक चेंज रिपोर्ट प्रलंबित आहे, तो आधीच सांगून ठेवते, नंतर 'सापडला' म्हणू नका. रक्कम चेकने द्या, दोन हजारांवर रोख दिलीत तर सवलत मिळणार नाही. आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ८०जी चा तुम्हाला काडीचा उपयोग नाही, तरी पावती देईन. पॅन मात्र लगेच पाठवा. ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरणपत्र भरावं लागतं, चुकलं तर रोजचे २०० रुपये शुल्क. ते भरायला बसते ती मुलगी पगारी आहे.