मदत हवी आहे: एमपीएससी सोडून नकाशांच्या कामात जायचंय

नमस्कार मंडळी. पुण्यात राहून एमपीएससी करतोय. खुल्या गटाला वयोमर्यादा ३८, म्हणून घरचे म्हणतात, "अजून वेळ आहे, दे की." पण राज्यसेवा मुख्य २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तयारी पुन्हा पहिल्यापासून, आणि मुळात अधिकारी होण्याची ओढच उरलेली नाही. भूगोल मात्र जिवापाड आवडतो. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर स्वतःच शिकतोय, आमच्या तालुक्यातल्या ओढ्यांचे नकाशे करतोय.

बीए भूगोलवर जीआयएसमध्ये (म्हणजे संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळायच्या कामात) नोकरी मिळते का, की आधी डिप्लोमा हवाच? पाणलोटाच्या कामात कुणी असाल तर सुरुवात कुठून करू ते सांगा. आणि वडिलांशी कसं बोलू? शेतीच्या उत्पन्नातून ते खोलीभाडं पाठवतात, त्यांना दुखवायचं नाहीये.