पुण्यात भेटायचं कुठे? आपापले अनुभव लिहा

गेल्या रविवारी आपल्या समलिंगी मंडळींच्या एका कट्ट्यावर विशीतल्या मुलानं मला विचारलं, "दादा, ॲप नव्हतं तेव्हा तुम्ही लोक एकमेकांना शोधायचात कसं?" मी सांगायला लागलो आणि लक्षात आलं, माझ्या आधीच्या माणसांचं मलाच फारसं माहीत नाही. मुंबईचं निदान कुठे ना कुठे छापून आलंय. पुण्याचं बरंचसं तोंडीच आहे, आणि सांगणारे आता थकत चाललेत. म्हणून हा धागा. आपल्याला या शहरात सगळ्यात जास्त काय नडलं असेल, तर जागा. भेटायला, बोलायला, नुसतं शेजारी बसायला. त्याबद्दल लिहा. नावं नकोत, वय आणि भाग पुरे. दुसऱ्या कुणाची ओळख पटेल असं काही लिहू नका, तो माणूस हयात नसला तरी.

नारायण पेठ, ६३

१९८५ च्या सुमारास मी बँकेत नवीन लागलो होतो. नदीकाठच्या एका बागेत जायचो. नाव लिहीत नाही, अजूनही कुणाची तरी ती जागा असेल. लहान मुलं, आजी-आजोबा घरी गेले की सातनंतर तिथली माणसं बदलायची. फाटकाशी मी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचो, म्हणजे बाकावरच्या माणसाला "किती वाजले हो?" असं विचारता यायचं. त्यानं नुसती वेळ सांगितली तर पुढे चालू लागायचं. "का, घाई आहे का?" म्हणाला तर बसायचं. बहुतेकदा गप्पाच व्हायच्या. स्थळं यायला लागलीत, बहिणीचं व्हायचंय, आईला काय सांगू. एकाशी मी तीन वर्षं असा बोलत होतो. त्याचं आडनाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एकदा खाकीतल्या एकानं धरलं. घरी येऊन सांगतो म्हणाला. खिशात चाळीस रुपये होते ते घेतले, घड्याळही घेतलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ वगैरे मला तेव्हा काही माहीत नव्हतं. पत्ता त्याला कळू नये, एवढंच डोक्यात होतं.

पुढे १९९० मध्ये मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे आपल्या लोकांचं नियतकालिक सुरू झालं. एक मित्र सिंहगड एक्स्प्रेसनं अंक घेऊन यायचा. आम्ही चौघं तो वेताळ टेकडीवर बसून वाचायचो, कारण चौघांपैकी एकाच्याही घरी तो ठेवायची सोय नव्हती.

कर्वेनगर, ४५

काका, तुमचं घड्याळ, तसा ओळख पटायला आमचा निळा शर्ट. साल २००१. सायबर कॅफेत प्लायवूडची केबिन, तासाला पंचवीस रुपये, याहूची चॅटरूम. समोरच्याचा दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला असायचा, "प्लेस आहे?" कुठून असणार? मी कॉट बेसिसवर, एका खोलीत चौघं. तो आईवडील आणि आजीबरोबर दोन खोल्यांत.

डेक्कनच्या बसस्टॉपवर भेटलो. जागा नाही म्हणून चालत सुटलो. लकडी पूल, अलका, टिळक रोड, स्वारगेट, सारसबागेला वळसा, परत डेक्कन. रात्री साडेअकरापर्यंत. त्या सगळ्या वेळात हात एकदाच लागला. अलका चौकात रस्ता ओलांडताना त्यानं माझं कोपर धरलं, आणि पलीकडे पोचल्यावरही चार पावलं सोडलं नाही. नंतर मला माणसं भेटली, घर झालं. ती चार पावलं मात्र मी अजून विसरलेलो नाही.

पर्वती, ४१

२००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट ही आपल्या लोकांसाठी काम करणारी संस्था सुरू केली. त्यांच्या हेल्पलाइनचा नंबर मी वहीच्या शेवटच्या पानावर उलटा लिहून ठेवला होता, शेवटचा आकडा आधी. घरातून फोन करणं शक्यच नव्हतं. पीसीओवर जाऊन दोनदा फोन लावला, आवाज ऐकून ठेवून दिला. तिसऱ्यांदा बोललो. 'समलिंगी' हा शब्द त्या दिवशी मी पहिल्यांदा साध्या, रोजच्या आवाजात ऐकला. तोवर माझ्यासाठी मराठीत फक्त शिव्याच आहेत, असं मला वाटायचं.

कोथरूड, ३७, बाई

बागेत रात्री बाईनं जायचं कसं? आमची जागा म्हणजे लेडीज हॉस्टेलची गच्ची, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. रेक्टर म्हणाल्या, "मैत्रीण सासरी जाणारच, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" त्या मायेनंच बोलत होत्या. त्याचाच जास्त त्रास झाला.

११ डिसेंबर २०११ ला पुण्यात पहिली प्राइड, म्हणजे आपल्या लोकांची अभिमान मिरवणूक, निघाली. मी गेले ती स्कार्फ बांधून, स्कूटीवर बांधतो तसा, फक्त डोळे उघडे. निम्म्या पुण्यातल्या मुली तशाच फिरतात, त्यामुळे मी लपलेय हे कुणाला कळलंही नसेल. बरोबर दोन वर्षांनी, ११ डिसेंबर २०१३ ला, सुप्रीम कोर्टानं ३७७ पुन्हा लागू केलं. दिल्ली हायकोर्टाच्या २००९ च्या निकालानंतर मिळालेला मोकळा श्वास चारच वर्षं टिकला. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं, त्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतरच्या प्राइडला मी स्कार्फ घरी ठेवून गेले. ऊन लागलं तोंडाला.

पिंपरी, ३४

कायमचा असा आपला बार मला पुण्यात कधी सापडला नाही. पार्ट्या व्हायच्या. कोरेगाव पार्क नाहीतर मुंढव्याकडे एखाद्या रात्रीपुरता हॉल, आणि पत्ता संध्याकाळी फोनवर. एंट्रीचे पैसे परवडायचे नाहीत म्हणून आम्ही एकाआड एक पार्टीला जायचो. मला तिथली एकच गोष्ट आठवते. शेवटी डीजेनं लावणी लावली, आणि कोपऱ्यात रात्रभर गप्प बसलेला एक मध्यमवयीन माणूस उठला, रुमाल कमरेला खोचला आणि असा नाचला की सगळे भिंतीला सरकले. गाणं संपल्यावर रुमालानं घाम पुसून तो स्टेशनकडे निघून गेला. परत कधी दिसला नाही.

वाकड, २६

आता जागा आहे. फ्लॅट आहे, लॅच-की आहे. तीन वर्षांपूर्वी ॲपवरच्या एकानं बोलावलं, आत गेलो तर चौघं. मारलं, व्हिडिओ काढला, फोनवरून चौदा हजार वळवून घेतले. मी तक्रार केली नाही, आईबाबांना कळेल म्हणून. आज वाटतं, करायला हवी होती. आपण गुन्हेगार नाही आहोत, गुन्हा त्यांनी केला. पोरांनो, पहिल्यांदा चहाच्या टपरीवर भेटा, आणि कुठे जाताय ते एका तरी मित्राला कळवून ठेवा.

सहकारनगर, ६८

मी आई आहे. मुलाच्या मित्राला मी सहा वर्षं 'मित्र' म्हणत होते. आता दिवाळीला त्यालाही उटणं लावते. एवढंच लिहायचं होतं.

कर्वेनगर, ४५

नारायण पेठेतल्या काकांना विचारायचं राहिलं. घड्याळाचं पुढे काय झालं?

नारायण पेठ, ६३

एचएमटीचं होतं. बी.कॉम. झालो तेव्हा वडिलांनी घेऊन दिलेलं. बसमध्ये पडलं असं मी घरी सांगितलं. वडील आठवडाभर रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर स्वारगेट डेपोत जाऊन चौकशी करत होते, कुणी आणून दिलंय का म्हणून. एक दिवस मलाही बरोबर घेऊन गेले. मी खिडकीशी उभा राहून पट्टा कसा होता, काच कुठे चरली होती, ते सगळं नीट सांगितलं.