बारा वर्षांची वॅगन आर, बहात्तरीचा मालक: फुल इन्शुरन्स ठेवू की नुसता थर्ड पार्टी?

मयूर_कॉलनी_मास्तर

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ची वॅगन आर, पेट्रोल, ९९८ सीसी, पुणे पासिंग. मी बहात्तर वर्षांचा, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. पॉलिसी महिनाअखेरीस संपते आहे. एजंटने दोन आकडे पाठवलेत: फुल (आपल्या गाडीचं नुकसानही धरणारा) ₹५,१९३ आणि नुसता थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा) ₹२,८५४. दोन्हींत माझा १५ लाखांचा अपघात विमा आणि १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, १ लाख १५ हजार. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत, पूर्ण ५० टक्के.

एजंट म्हणतो, "सर, एवढ्या जुन्या गाडीला फुल कशाला? झिरो डेप तर मिळतच नाही." (झिरो डेप म्हणजे जुनेपणाची कपात न करता भरपाई.) बोलणं पटण्यासारखं आहे. पण गाडी नवी होती तेव्हा हाच माणूस एकेक ॲड-ऑन, म्हणजे जादा संरक्षण, गळ्यात मारायचा. आज त्याला माझ्या पैशांचा एवढा पुळका का, हे कळेना.

वापर म्हणाल तर मंडई, सौ.ची फिजिओथेरपी, आणि मित्रांना घेऊन गाण्याचा एखादा कार्यक्रम. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रात्रीचं चालवणं बंद केलंय; लांब जायचं असेल तर ड्रायव्हर बोलावतो. कर्वे रस्त्यावर दुचाकीवाले दोन्ही बाजूंनी खेटून जातात, तेव्हा डावा आरसा आणि मागचा बंपर यांची दशा विचारू नका.

लेक न्यू जर्सीत असते. ती म्हणते, तिकडे म्हातारपणी हप्ता चढतो, बाबा तुमचाही चढला असणार. इथे वयाचा काही संबंध आहे का? आणि "आता रिक्षाने फिरा" हा सल्ला कृपया नको, तो घरी रोज मिळतो.

सर्व्हेअर_निवृत्त

मास्तर, अपघाताच्या गाड्या तपासण्यात माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वयाचा मुद्दा आधी उरकू. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो गाडीच्या सीसीवर असतो. जून २०२२ पासूनच्या तक्त्यात हजार सीसीपर्यंत ₹२,०९४, पुढे पंधराशेपर्यंत ₹३,४१६, त्यावर ₹७,८९७. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता, मुख्यतः आयडीव्ही, गाडीचं वय, सीसी आणि पासिंगचं शहर यावर निघतं. पुणे 'झोन ए'मध्ये येतं. मुंबई, दिल्ली धरून अशी आठ शहरं आहेत. साताऱ्याची गाडी 'झोन बी'त, पण तो फरक किरकोळ.

आता खरी गोष्ट, जी एजंट सांगत नाहीत. नुसत्या थर्ड पार्टीत तुमच्या गाडीत बसलेली माणसं येत नाहीत. तुम्ही कार्यक्रमाला निघालात, तुमच्या चुकीने गाडी दुभाजकावर गेली आणि मागच्या सीटवरच्या मित्राचं कंबरडं मोडलं, तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई तुमच्या पेन्शनवर येते. पॅकेज पॉलिसी, म्हणजे आपण जिला फुल म्हणतो ती, असेल तर कंपनी भरते. विमा नियामकाने नोव्हेंबर २००९ मध्ये परिपत्रक काढून हे स्पष्ट केलं आणि सुप्रीम कोर्टानेही हा फरक मानला. लोक फुल इन्शुरन्सकडे पत्र्याचा खर्च म्हणून बघतात. तुमच्यासारख्या माणसाला, जो क्वचितच एकटा फिरतो, पत्रा दुय्यम आहे.

दुसरं, ड्रायव्हर बोलावता ना? मग पगारी ड्रायव्हरच्या जबाबदारीचे ५० रुपये पॉलिसीत घालून घ्या. तिसरं, लायसन्स. पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं, आणि रिन्यूला डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत असे, ती २०१९च्या दुरुस्तीत गेली. अपघाताच्या दिवशी लायसन्स संपलेलं असेल तर क्लेम अडकलाच म्हणून समजा. आरटीओच्या कामाला मुदतीआधी वर्षभर हात घालता येतो.

एजंटला पुळका का? जुन्या गाडीच्या क्लेमची धावपळ त्याच्याच मागे लागते. एवढंच असावं.

एकता_नगरी_बी_विंग

सिंहगड रोडवरून लिहिते. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पहाटे आमच्या पार्किंगमध्ये शिरलं. आमची गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडाली. शेजारच्यांचा नुसता थर्ड पार्टी होता. त्यांना छदाम मिळाला नाही, गाडी भंगारवाल्याने नेली. आमचा फुल होता. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं, धरतात, तसा धरला.

काका, दोन गोष्टी. आयडीव्ही कमी करून हप्ता स्वस्त केल्याचं दाखवतात, त्याला भुलू नका. टोटल लॉसला तोच आकडा हातात येतो. आणि पाणी ओसरलं की "बघू चालू होते का" म्हणून किल्ली फिरवायची नाही. आमच्या ह्यांचा हात शिवशिवत होता, मी किल्लीच काढून घेतली. आत पाणी असताना स्टार्टर मारून इंजिन बसलं तर तो खर्च साध्या पॉलिसीत धरत नाहीत. सरळ टो करून न्यायची.

मयूर_कॉलनी_मास्तर

दोघांचे आभार. सर्व्हेअरसाहेब, मित्रांचा मुद्दा डोक्यातच नव्हता.

रात्री कागद घेऊन बसलो. ओन डॅमेज मूळ ₹३,९६४, एनसीबीने निम्मं होऊन ₹१,९८२, जीएसटीसह ₹२,३३९. फुल आणि थर्ड पार्टीतला फरक नेमका एवढाच. आणि गंमत म्हणजे क्लेम केला तर पुढच्या वर्षी जाणाऱ्या एनसीबीची किंमतही तेवढीच! मग बंपरसारख्या किरकोळ कामाला क्लेम करावा का? माझ्या मेकॅनिकने बंपरचे तीन हजार सांगितलेत.

सर्व्हेअर_निवृत्त

करू नका. प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा (जुनेपणाची कपात), राहिले दीड हजार. त्यातून दर क्लेमला सक्तीचे हजार कापतात. हातात पाचशे, वर रंगकामाचं थोडंफार. बदल्यात एनसीबी शून्यावर, आणि मग २०, २५, ३५, ४५ करत पन्नासला यायला पाच वर्षं. तुमच्या बारा वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवरसुद्धा ५० टक्के घसारा असतो. काच मात्र पूर्ण मिळते. मोठा दणका, चोरी, पूर, यासाठीच हात लावायचा.

आणि एकदा थर्ड पार्टीवर गेलात की परत फुलवर येताना गाडी दाखवावी लागते, नव्वद दिवस उलटले की एनसीबीही जातो. त्यामुळे "यंदा थर्ड पार्टी, पुढच्या वर्षी बघू" असं नको.

एकटा_जीव_औंध

मी अडुसष्टचा, एकटाच असतो, गाडी २००९ची आणि दाराशी उभीच जास्त. कोणाला बसवत नाही (स्वभाव म्हणा). मला थर्ड पार्टी पुरतो. २०२२ पासून किलोमीटरवर सवलत देणारं ॲड-ऑन निघालंय, पण मी विचारलं तिथे जुन्या गाडीला देत नाहीत. मास्तर, तुमच्या गाडीला विचारून बघा, वापर कमीच आहे तुमचा.

सर्व्हेअर_निवृत्त

तुमचं गणित वेगळं, मान्य. गाडी पार्किंगमधून चोरीला गेली तर रडायचं नाही, एवढी तयारी असली की झालं.

मयूर_कॉलनी_मास्तर

फुल घेतोय, ड्रायव्हरच्या पन्नास रुपयांसकट. जीएसटी धरून ₹५,२५२. एजंटने पन्नास रुपयांचं ऐकून "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" असं विचारलं. किलोमीटरवालं विचारलं, बारा वर्षांच्या गाडीला नाही म्हणाला.

वाकड_ईशान्य

धागा वर आणतोय. बाबा गेल्या महिन्यात गेले. गाडी आणि पॉलिसी त्यांच्या नावावर, आई चालवते (६६). पॉलिसी मार्चपर्यंत आहे. तोवर चालेल ना?

सर्व्हेअर_निवृत्त

वाईट वाटलं ऐकून. नाही, मार्चपर्यंत धरून चालू नका. मालकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत, यातलं जे आधी येईल तोवरच टिकते. त्या आत आरसी आणि पॉलिसी आईंच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतील. बाबांचा एनसीबी पत्नीला मिळू शकतो, तो आठवणीने मागा. आपणहून कोणी देत नाही. आणि बाबांचा १५ लाखांचा अपघात विमा आईंना लागू होत नाही, तो त्यांच्या नावाने, त्यांचं लायसन्स चालू आहे हे बघून, नव्याने घ्यायचा.